जॅझ वाजवणारं छोटं एफएम केंद्र: सिग्नल कुठं अडतो आणि काय करायचं

नव्या समुदाय रेडिओ केंद्रानं संध्याकाळचे तास जॅझला दिले की लवकरच एका ठरावीक प्रकारची तक्रार येऊ लागते. पाच किलोमीटरवरचा श्रोता सांगतो, 'निवेदकाचं बोलणं स्वच्छ येतं, पण गाणं लागलं की मागं खरखर.' ही तक्रार खरी असते. बोलण्याचा आवाज सलग आणि भरीव असतो, त्यामुळं मागची खरखर त्याखाली दबते. जॅझमध्ये डबल बासचा सोलो येतो, ड्रमवर ब्रश फिरतात, पियानोचा एकच सूर हवेत विरत जातो. त्या दोन-तीन सेकंदांत रिसीव्हरचा सगळा गोंगाट उघडा पडतो. म्हणून जॅझ केंद्राची हद्द, स्टेशन लागतं तिथवर धरायची नाही. हळू वाजणारा तुकडा ऐकू येतो तिथवरच धरायची. ही हद्द बोलक्या केंद्रापेक्षा बरीच आत असते.

पुढची माहिती भारतातल्या समुदाय रेडिओच्या नियमांत बसणाऱ्या, १०० वॉटच्या आतल्या केंद्रासाठी आहे. भूभाग गोवा-कोकणासारखा धरला आहे: सडे (जांभ्याची सपाट पठारं), खाड्या, मधल्या टेकड्या, चार महिने पाऊस. देशावरच्या सपाट तालुक्यात यातली निम्मी अडचण आपोआप सुटते.

आधी परवान्याची चौकट

'फक्त जॅझ' असा परवाना मिळत नाही. समुदाय रेडिओचा परवाना शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत ना-नफा संस्था यांना मिळतो, आणि किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले असावे लागतात. गोव्यात ही अट जॅझला पोषकच आहे. आल्दोन्याच्या चिक चॉकलेटसारखे कितीतरी गोंयकार वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवत होते. त्या परंपरेतले वादक आणि त्यांचे शिष्य गावोगाव आहेत. त्यांचं स्टुडिओतलं वादन, त्यांच्या मुलाखती, चर्चमधल्या संगीतशिक्षणावरचे कार्यक्रम, हे सगळं स्थानिक निर्मितीत मोडतं.

तांत्रिक मर्यादा अशा आहेत. प्रभावी प्रक्षेपित शक्ती, म्हणजे ईआरपी, कमाल १०० वॉट. अपवादात्मक परिस्थितीत २५० वॉटपर्यंत परवानगी मिळू शकते. अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर आणि कमाल ३० मीटर. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून, आणि मास्टच्या, म्हणजे अँटेना पेलणाऱ्या उंच खांबाच्या, जागेला सॅकफा या सरकारी समितीची मंजुरी. सॅकफाची मंजुरी त्या विशिष्ट अक्षांश-रेखांशाची असते. मास्ट नंतर शेजारच्या टेकडीवर न्यायचा म्हटलं तर कागद पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं जागेचा अभ्यास अर्ज करायच्या आधी व्हायला हवा. बहुतेक नवी केंद्रं तो नंतर करतात, आणि सिग्नलच्या निम्म्या अडचणी तिथंच सुरू होतात.

किती सिग्नल लागतो

सिग्नलची ताकद डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात; इथं तिला नुसतं 'डीबी' म्हणू. वाढ, घट किंवा नुकसान सांगताना मात्र 'डीबी' म्हणजे नुसतं प्रमाण: ३ डीबी म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे आकडे असे: स्टिरिओसाठी ग्रामीण भागात ५४, शहरात ६६, मोठ्या शहरात ७४. मोनोसाठी हेच आकडे ४८, ६० आणि ७०. शहरात जास्त लागतो, कारण एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा विद्युत गोंगाट तिथं जास्त असतो.

हे आकडे जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या अँटेनासाठी आहेत. गाडीच्या अँटेनाला, म्हणजे दीड मीटरवर, साधारण दहाएक डीबी कमी मिळतात. काँक्रीटच्या घरात आतल्या खोलीत ठेवलेल्या रेडिओला त्याहूनही कमी.

१०० वॉट ईआरपी आणि आजूबाजूच्या भूभागापेक्षा ३० मीटर उंच अँटेना असेल, तर ६० डीबीची रेषा साधारण साडेपाच किलोमीटरवर येते. अमेरिकेतल्या कमी शक्तीच्या एफएम केंद्रांना हीच मर्यादा असते आणि तिथला अधिकृत आकडा ५.६ किलोमीटर आहे. 'दहा किलोमीटर जाईल' असं कुणी सांगितलं तर कुठल्या भूभागावर, किती डीबी आणि स्टिरिओ की मोनो, हे तीन प्रश्न विचारावेत.

जागा: उंची फुकट मिळते तिथं जा

नियमातले ३० मीटर जमिनीपासून मोजले जातात. जमीनच उंच असेल तर ती उंची वरकड मिळते. ३० मीटरचा मास्ट गावापेक्षा ७० मीटर उंच सड्यावर उभा केला तर गावाच्या दृष्टीनं अँटेना १०० मीटरवर आहे, आणि त्याच १०० वॉटमध्ये ६० डीबीची रेषा दहा किलोमीटरच्या आसपास सरकते. उंची दुप्पट केली की दूरच्या श्रोत्याकडं साधारण ६ डीबी वाढतात. शक्ती दुप्पट केली की फक्त ३. एवढ्या ३ डीबीत हद्द जेमतेम पाचव्या हिश्शानं वाढते. म्हणून जागेवर खर्च केलेला पैसा ट्रान्समीटरवर खर्च केलेल्यापेक्षा जास्त कामाला येतो.

आता एक खाच. सडा रुंद आणि सपाट असेल आणि मास्ट त्याच्या मधोमध उभा केला, तर सड्याची कडाच खालच्या गावाला आडवी येते. मास्ट गावाकडच्या कडेजवळ हवा. जांभ्याची कडा ढासळती असते, तेव्हा पाया आणि गाय वायरचे (मास्ट ताणून धरणाऱ्या तारांचे) खुंट किती आत घ्यायचे हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

कागदावरचा अभ्यास असा करा:

१. संभाव्य जागा तीन तरी निवडा. प्रत्येकीपासून ज्या वस्त्यांना सिग्नल हवा तिथपर्यंत गूगल अर्थवर रेषा ओढून उंचीचा छेद काढा. रेषेत टेकडी येते का, आणि ती श्रोत्याच्या जवळ आहे की अँटेनाच्या, हे पाहा. टेकडीच्या अगदी पायथ्याशी असलेली वस्ती सर्वात गडद सावलीत असते; थोड्या मागे असलेल्या वस्तीत माथ्यावरून वळलेला सिग्नल थोडाफार उतरतो.

२. रेषा मोकळी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ९० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३.३ मीटर असते, आणि दहा किलोमीटरच्या मार्गात मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या सुमारे ९० मीटर भरते. तेवढी मोकळी जागा ३० मीटरच्या मास्टला सपाटीवर मिळतच नाही. डोळ्यांना समोरचं गाव दिसतं आणि तरी सिग्नल हिशेबापेक्षा कमी येतो, त्याचं मुख्य कारण हेच.

३. 'रेडिओ मोबाइल' किंवा 'स्प्लॅट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा भूपृष्ठ डेटा घालून नकाशा काढा. रिसीव्हरची उंची १.५ मीटर ठेवा; आधीपासून भरलेला आकडा तसाच सोडला तर नकाशा फसवा सुंदर येतो. ६६, ५४ आणि ४८ डीबी अशा तीन रेषा वेगळ्या रंगात काढा.

ईआरपीचा हिशेब

ट्रान्समीटरवर ५० वॉट लिहिलेलं असतं, अँटेनातून किती निघतात ते वेगळं. मधल्या केबलमध्ये काही जातात, अँटेनाच्या गुणकानं काही वाढतात किंवा घटतात.

समजा, ट्रान्समीटर ५० वॉटचा आहे आणि केबल ४० मीटर. १०० मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल दर १०० मीटरला सुमारे १६ डीबी खाते; वर पोचतात ११-१२ वॉट. आरजी-२१३ सुमारे पावणेसात डीबी खाते. वर २७ वॉट. अर्धा इंची फोम केबल सुमारे २.२ डीबी खाते. वर ४१ वॉट. आरजी-५८ मुख्य फीडर म्हणून कधीच वापरू नका. काही हजार वाचवून तीन चतुर्थांशांहून जास्त शक्ती केबल तापवण्यात घालवली, असा तो सौदा होतो.

पुढं अँटेना. सर्क्युलर पोलरायझेशनचा एकच बे (अँटेनाच्या रांगेतला एक घटक) लावला तर त्याचा गुणक सुमारे ०.४६, कारण शक्ती आडव्या आणि उभ्या अशा दोन तलांत वाटली जाते. ४१ वॉटचे प्रत्येक तलात १९ उरतात. एका तरंगलांबीच्या अंतरावर दोन बे लावले तर गुणक साधारण १, म्हणजे ४१ वॉट. चार बे लावले तर सुमारे २.१, म्हणजे ८६ वॉट. पण चार बेंची रांग दहा मीटर लांब होते. वरचा बे ३० मीटरवर असेल तर रांगेचा मध्य २५ मीटरवर उतरतो. उंचीत गेलेला एक डीबी वजा करूनही दोनेक डीबीचा फायदा उरतो, फक्त मास्टला वाऱ्याचा भार पेलावा लागतो.

उभे दोन डायपोल (एका रेषेतल्या दोन नळ्यांची साधी अँटेना) हा स्वस्त पर्याय आहे. गुणक सुमारे २, आणि गाड्यांच्या अँटेना उभ्याच असतात. तोटा असा, की घरातल्या रेडिओची अँटेना आडवी ठेवली असेल तिथं सिग्नल पडतो, आणि उभ्या लोखंडी मास्टजवळ उभा डायपोल लावला की मास्टच्या मागच्या दिशेला खड्डा पडतो. उभे डायपोल शक्यतो मास्टच्या वर, फायबरच्या नळीवर घ्या. तसं जमत नसेल तर मास्टपासून किमान ८० सेंटीमीटर बाहेर, आणि मास्टची बाजू समुद्राकडं किंवा निर्मनुष्य डोंगराकडं.

उभारणीत होणाऱ्या चुका

सर्वात फसवी चूक फेजिंगची, म्हणजे दोन घटकांचे तरंग एका लयीत नसण्याची. दोन बेंना किंवा डायपोलना जाणाऱ्या केबल अगदी सारख्या लांबीच्या हव्यात आणि दोन्ही घटकांची फीडची बाजू एकाच दिशेला हवी. एक डायपोल उलटा बसला की दोघांचे तरंग क्षितिजाच्या दिशेला एकमेकांना पुसतात आणि शक्ती ३० अंश वर आणि ३० अंश खाली निघते. ट्रान्समीटरच्या पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही: फॉरवर्ड (अँटेनाकडं जाणारी शक्ती) पूर्ण, रिफ्लेक्टेड (परत येणारी) नगण्य. मास्टपासून पन्नासेक मीटरवर रेडिओ दणदणीत वाजतो, आवारात सगळे खूश, आणि दोन किलोमीटरवर स्टेशन गायब. असं चित्र दिसलं की शक्ती वाढवायच्या मागं न लागता माणूस वर चढवा आणि दोन्ही डायपोलच्या केबलची मधली तार वरच्या नळीला जोडली आहे की खालच्या, हे एकेक करून बघायला सांगा. दोन्हीकडं उत्तर एकच यायला हवं. चढण्याआधी ट्रान्समीटर बंद, मेन स्विच काढलेला आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात.

दुसरी चूक पाण्याची. कोकणातला पाऊस आडवा येतो आणि कनेक्टरच्या आट्यांतून आत शिरतो. आधी सेल्फ-अमलगमेटिंग रबर टेप ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर चढतो. त्यावर साधी काळी पीव्हीसी टेप. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल. केबलमध्ये पाणी शिरलं तर पावसाळ्यात रिफ्लेक्टेड वाढतं, उन्हात कमी होतं. ५० वॉटवर २ वॉट परत येत असतील तर एसडब्ल्यूआर (शक्ती परत येण्याचं माप) सुमारे १.५, चालून जाईल. साडेपाच वॉट परत आले तर २, आणि बहुतेक ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती खाली आणतात. तेव्हा पडद्यावर '५० वॉट' हे सेटिंग दिसत राहतं आणि खरे बाहेर वीसच पडत असतात. वाचायचा तो फॉरवर्डचा आकडा.

इथं आणखी एक सापळा आहे. जास्त खाणारी केबल अँटेनाचा दोष झाकते, कारण परत येणारी शक्तीही वाटेत जिरते. म्हणून एसडब्ल्यूआर खाली ट्रान्समीटरपाशी उत्तम दिसला तरी एकदा अँटेना अॅनलायझर वर नेऊन थेट अँटेनाच्या तोंडाशी मोजा.

अर्थिंग जांभ्यात अवघड असतं. कोरडा जांभा वीज नीट वाहू देत नाही. साधी सळई ठोकून भागत नाही. बेंटोनाइट किंवा रासायनिक अर्थिंगचे दोन-तीन खड्डे घ्या, तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडा, आणि रोध ५ ओहमच्या खाली आल्याचं अर्थ टेस्टरवर मोजून घ्या, तेही मे महिन्यात. जुलैतलं मोजमाप उपयोगाचं नाही. मास्ट, केबलचं बाहेरचं आवरण, सर्ज अरेस्टर आणि खोलीचं अर्थिंग सगळं एकत्र बांधलेलं असावं.

फ्रिक्वेन्सी १०७.८ सारखी वरच्या टोकाची मिळाली तर बँडपास फिल्टर लावाच. १०८ च्या वर विमानांच्या दिशादर्शक यंत्रणा सुरू होतात.

मोजणी

फील्ड स्ट्रेंग्थ मीटर विकत घेणं छोट्या केंद्राला परवडत नाही. टीईएफ-६६८६ चिपवर बनलेले हातात मावणारे रिसीव्हर बरेच स्वस्त पडतात आणि सिग्नलची पातळी, सिग्नल-गोंगाट गुणोत्तर आणि मल्टिपाथ (परावर्तित सिग्नलची मिसळ) तिन्ही दाखवतात. त्यांचा आकडा रिसीव्हरच्या तोंडाशी असलेल्या व्होल्टेजचा असतो, हवेतल्या फील्डचा नसतो. पण एकाच अँटेनानं सगळीकडं मोजलं की तुलनेला तो पुरतो.

मास्टपासून आठ दिशांना रस्ते निवडा. प्रत्येक किलोमीटरला थांबा, दीड मीटरवर अँटेना धरून दोन-दोन पावलांच्या अंतरानं तीन वाचनं घ्या आणि मधलं वाचन लिहा. एकाच वाचनावर विसंबू नका: ९० मेगाहर्ट्झला परावर्तनामुळं पाऊण मीटर सरकलं तरी आकडा दहा डीबीनं बदलू शकतो. सोबत स्टुडिओतून मुद्दाम हळू वाजणारा बासचा तुकडा लूपवर लावून ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर हेडफोननं ऐकून 'स्वच्छ', 'खरखर', 'चिरका' यांपैकी एक शब्द लिहा. हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा. ही फेरी एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसाळ्यात करा.

मग नकाशा वाचा. सगळ्या दिशांना सारखाच कमी असेल तर दोष केबल, फेजिंग किंवा ट्रान्समीटरमध्ये. एकाच दिशेला कमी असेल तर मास्टची किंवा टेकडीची सावली. दुपारीच कमी होत असेल तर ट्रान्समीटरची खोली तापते आहे. एक्झॉस्ट पंखा बसवा. आकडा चांगला पण आवाज चिरका असेल तर मल्टिपाथ. आणि उन्हाळी संध्याकाळी किनाऱ्यावर अचानक दुसरंच स्टेशन तुमच्यावर चढलं, तर समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळं दूरचे सिग्नल येत आहेत. त्यावर केंद्राच्या बाजूनं उपाय नाही; तारीख-वेळ नोंदवून ठेवा, आणि रोजचंच झालं तर डब्ल्यूपीसीला कळवा.

सगळ्यात मोठा फायदा आवाजाच्या साखळीत

नवी केंद्रं या भागाकडं सर्वात कमी लक्ष देतात. खरं तर जॅझसाठी इथंच सर्वात जास्त कमाई आहे, आणि कुणाचीही मंजुरी लागत नाही.

पहिली गोष्ट पातळीची. एफएममध्ये आवाजाची सरासरी पातळी ६ डीबी खाली ठेवली, तर श्रोत्याला ऐकू येणारा गोंगाट शक्ती चौपट कमी केल्याइतका वाढतो. जॅझचं रेकॉर्डिंग फाइलमधून सरळ ट्रान्समीटरला दिलं की शिखरं ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला (आवाजानं फ्रिक्वेन्सी सरकण्याच्या हद्दीला) लागतात, पण सरासरी बरीच खाली असते. म्हणजे कायदेशीर १०० वॉट मिळवूनही वापरले पंचवीसच. म्हणून आवाजाची पातळी सावरणारा प्रोसेसर हवा. संगणकावर चालणारं 'स्टिरिओ टूल'सारखं सॉफ्टवेअरही चालेल.

पण फिल्मी गाण्यांच्या स्टेशनचं सेटिंग उचलून लावलं तर जॅझ मरतो: ब्रश फेसासारखे वर येतात, बास मागं-पुढं हलतो, श्वास ऐकू यायला लागतो. सुरुवात अशी करा. मंद एजीसी (पातळी आपोआप वर-खाली करणारा भाग), सावकाश वर येणारा, सेकंदाला अर्धा डीबी. सोबत गेट, म्हणजे सोलो एकदम हळू झाला की एजीसी जागच्या जागी थांबेल आणि खोलीचा गोंगाट वर खेचणार नाही. त्यामागं मल्टीबँड कॉम्प्रेशन (पट्ट्यापट्ट्यातले चढ-उतार आवळणं) २:१, जास्तीत जास्त ६ ते ८ डीबी. शेवटी शिखरं अडवणारा लिमिटर, आणि क्लिपिंग (शिखरं छाटणं) एक-दोन डीबीच्या वर नाही.

दुसरी गोष्ट प्री-एम्फॅसिस, म्हणजे प्रसारणाआधी वरच्या सुरांना दिलेला उठाव. भारतात तो ५० मायक्रोसेकंद आहे. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या ट्रान्समीटरवर ७५ लावलेला येतो, तो बदलून घ्या. ५० मायक्रोसेकंदाला १० किलोहर्ट्झचा आवाज सुमारे १० डीबीनं आणि १५ किलोहर्ट्झचा साडेतेरा डीबीच्या वर उचलला जातो. राइड सिंबल आणि म्यूट लावलेला ट्रम्पेट यांची ताकद नेमकी त्याच पट्ट्यात असते, म्हणून जॅझमध्ये लिमिटर सगळ्यात आधी सिंबलवर आपटतो. उच्च पट्ट्याचा वेगळा लिमिटर ठेवा, म्हणजे सिंबलपायी सगळं गाणं दबणार नाही. आणि प्री-एम्फॅसिस एकाच ठिकाणी चालू असावा, प्रोसेसरमध्ये किंवा ट्रान्समीटरमध्ये. दोन्हीकडं चालू राहिला तर आवाज कानात टोचतो आणि डेव्हिएशन हद्द ओलांडतं. दोन्हीकडं बंद असेल तर सिंबलवर पांघरूण टाकल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट स्टिरिओ. स्टिरिओत गोंगाट मोनोपेक्षा वीसएक डीबी जास्त असतो. वीस डीबी म्हणजे शक्तीच्या भाषेत शंभरपट. सावलीतल्या गावात खरखरीत स्टिरिओ ऐकणारा श्रोता मोनोत तेच गाणं स्वच्छ ऐकतो. बाजारात स्टिरिओ एलपी १९५७-५८ पासून आल्या. त्याआधीचा जवळजवळ सगळा ध्वनिमुद्रित जॅझ मोनोच आहे. तो वाजवायच्या तासाला १९ किलोहर्ट्झचा पायलट (रेडिओला स्टिरिओची खूण देणारा सूर) बंद करून ट्रान्समीटर मोनोवर टाका. काही गमावत नाही, हद्द मात्र वाढते. अनेक छोट्या केंद्रांनी कायमच मोनो राहावं असं आमचं स्पष्ट मत आहे: स्वयंपाकघरातला रेडिओ एकाच स्पीकरचा असतो, आणि गाडीतला रिसीव्हर सिग्नल ढासळला की स्वतःच मोनोकडं सरकतो. स्टिरिओ हवाच असेल तर नकाशात ५४ डीबीच्या रेषेच्या आत किती वस्ती येते ते पाहून ठरवा.

मोनो करताना एक तपासणी करा. स्थानिक वादकांच्या जुन्या कॅसेट डिजिटल करताना हेडचा अझिमथ (टेपशी असलेला कोन) चुकला असेल तर डावा-उजवा मिसळल्यावर वरचे सूर एकमेकांना खातात आणि सिंबल नाहीसे होतात. फाइल लायब्ररीत टाकण्याआधी डावा-उजवा किती जुळतात ते दाखवणारं कोरिलेशन मीटर पाहा. काटा शून्याच्या खाली रेंगाळत असेल तर एकच चॅनेल घेऊन मोनो करा.

चौथी, मल्टिपाथ. समोरच्या कड्यावरून परतलेला सिग्नल उशिरा पोचतो आणि पियानोच्या जोरदार सुरांवर चिरका 'च्छ' उमटतो. इथंही मोनो बराच आराम देतो. कडा एकाच दिशेला असेल आणि तिकडं वस्ती नसेल, तर अँटेना मास्टच्या विरुद्ध बाजूला घेऊन त्या दिशेची शक्ती मुद्दाम घटवता येते. मंजूर केलेला अँटेनाचा प्रकार बदलत असेल तर आधी परवानगी.

ज्या गावात पोचतच नाही

टेकडीमागं दुसरा छोटा ट्रान्समीटर बसवण्याचा मोह होतो. त्याला परवाना नाही, म्हणजे तो गुन्हा ठरतो. शिवाय त्याच फ्रिक्वेन्सीवर काटेकोर जुळणीविना दुसरा ट्रान्समीटर लावला, की जिथं दोघांचे सिग्नल सारखे पोचतात तिथं पूर्वी स्वच्छ असलेला आवाजही बिघडतो.

अशा गावासाठी इंटरनेटवरचं थेट प्रसारण ठेवा. ९६ केबीपीएस एएसी जॅझला पुरेसं आहे. रेडिओसाठी घेतलेले संगीताचे हक्क इंटरनेटला आपोआप लागू होत नाहीत, ते वेगळे घ्या. स्थानिक वादकांशी करार करतानाच दोन्ही माध्यमांची परवानगी लिहून घेतली तर त्या गावाला निदान निम्मा कार्यक्रम बिनघोर देता येतो.

आणि काठावरच्या गावांसाठी, जिथं ४५-५० डीबी मिळतात, एक छापील चिठ्ठी वाटा. मजकूर एवढाच: रेडिओ आतल्या खोलीतून मास्टच्या दिशेच्या खिडकीत आणा. जवळचा एलईडी दिवा आणि चार्जर बंद करून फरक ऐका. बटण असेल तर मोनोवर ठेवा. बाहेरच्या अँटेनाचं तोंड असलेल्या रेडिओला ९०.४ मेगाहर्ट्झसाठी तारेचे ७९ सेंटीमीटरचे दोन तुकडे जोडा: एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरा बाहेरच्या जाळीला. केंद्र उभ्या डायपोलवर असेल तर दोन्ही तुकडे एका रेषेत उभे बांधा, सर्क्युलर असेल तर आडवे केले तरी चालतील. लोखंडी गजांपासून हातभर लांब ठेवा. चिठ्ठीच्या तळाशी मास्टची दिशा त्या गावातल्या ओळखीच्या खुणेनं लिहा. होकायंत्र घरोघरी नसतं, देवळाचा कळस किंवा चर्चचा मनोरा सगळ्यांना ठाऊक असतो.